सोवळ्याला खिसा नसतो

डॉक्टरांनी हे लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, साहेब, माझा हात हातोड्याचा, टाक धरला तर मोडेल. ते म्हणाले, "माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी येतो. इन्शुलिनची सुई म्हटलं की मान डोलावतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. माझं त्यांना पटत नाही, कारण मला कोणी टोचत नाही. तुम्ही सांगा." म्हणून लिहायला बसलो आहे. मराठी सातवी झालेली आहे, अक्षर बरं आहे, आणि खोटं लिहायचं नाही एवढं ठरवलं आहे.

मी नाशिकच्या तांबट आळीतला. हंडे, घागरी, बंब घडवणं हा आमचा पिढीजात धंदा. घरात माझी बायको यमुना, मुलगी कुसुम आणि पाठचा भाऊ दत्तू. दत्तू माझ्याच शेजारी बसून काम करतो. सकाळी आळीत ठोके सुरू झाले की शेजारच्याशी बोलायचं तर खुणांनी बोलावं लागतं. त्यामुळे तांबटांना मोठ्यानं बोलायची आणि कमी ऐकायची सवय असते. मला दुसरी सवय जरा जास्तच होती.

मधुमेह मला चार वर्षांपासून होता. घसा सारखा कोरडा पडायचा, मोरीत मुंग्या जमायच्या. वैद्यांनी गोड बंद करायला सांगितलं. मी कारल्याचा रस प्यालो, जांभळाच्या बियांची पूड फाकली, आणि कुणाच्या घरी पंगतीला बसलो की एवढ्यानं काय होतंय म्हणून जिलबीला हातही घातला. आजार दुखत नव्हता, हीच त्यातली मोठी सोय होती.

मग पायाचं झालं. भांडं घडवताना आम्ही जमिनीवर बसतो आणि ते दोन्ही पायांनी आवळून, फिरवत फिरवत ठोकतो. तांबटाचे पाय म्हणजे आणखी दोन हातच. ठोकून तांबं कडक झालं की भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं. असाच एक हंडा मी सांडशीनं भट्टीतून काढला, बाजूला ठेवला आणि दत्तूशी बोलत बसलो. थोड्या वेळानं दत्तू म्हणाला, "दादा, काहीतरी जळतंय." जळत होता तो माझ्या उजव्या पायाचा अंगठा. हंडा त्याला टेकला होता आणि मला पत्ता नव्हता.

शहाण्या माणसाला तिथेच घाम फुटला असता. मी हसलो. तांबटाचा पाय आता तांब्याचाच झालाय, असं म्हणालो आणि पुढे महिनाभर आळीत ती फुशारकी सांगत फिरलो. ऐकणारेही हसायचे. यमुना तेवढी हसली नाही. ती रोज जखमेला हळद आणि तेल लावायची, आणि जखम रोज थोडी मोठी व्हायची.

*

शेवटी तिनंच मला टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं मोजकं. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, तळपायाला टाचणी टोचतो, टोचली की सांगा. मी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणालो, करा की सुरुवात. त्यांचं दोन्ही पायांना टोचून झालं होतं. डोळे उघडले ते समोर यमुनेचा चेहरा दिसला, आणि मी पाय धोतराखाली ओढून घेतले.

डॉक्टर म्हणाले, साखर उतरल्याशिवाय ही जखम भरायची नाही. साखर जिरवणारा रस तुमच्या अंगात पुरेसा होत नाही, तो बाहेरून द्यायला हवा. दोन्ही जेवणांच्या आधी, सुईनं. नाहीतर, असं म्हणून त्यांनी हाताची कड माझ्या नडगीवर ठेवली. पाय इथून जाईल, हे त्यांनी अगदी हळू सांगितलं.

एक पाय गेलेला तांबट भांडं धरणार कसं? हे मला कळत होतं. तरीसुद्धा पाय जाण्यापेक्षा मला सुईचीच भीती जास्त वाटली. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं तसंच आहे. जन्मभर हातोड्यानं अंगठे ठेचून घेतलेला माणूस मी, टोचण्याला काय भिणार? भीती वेगळीच होती. सुई लागली म्हणजे माणूस संपत आला, अशी आमची सगळ्यांची समजूत. पूड आणि रस चालू असतो तोवर आपण बरे व्हायच्या वाटेवर असतो. सुई म्हणजे ती वाट सुटली. आणि एकदा धरली की मरेपर्यंत सुटत नाही, हे तर सगळी आळी छातीठोक सांगत होती.

औषध निघून दहाएक वर्षं झाली होती म्हणे, पण आमच्या ओळखीत ते घेतलेला एकच माणूस होता, आणि तो हयात नव्हता. यमुनेचा थोरला भाऊ. पिंपळगाव बसवंतला त्याचं दुकान होतं. घरी आल्याबरोबर ती दारातच थांबली आणि म्हणाली, "माझ्या भावाला सुई दिली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मी तुम्हाला ती घेऊ देणार नाही." तिच्या भावाला दवाखान्यात नेलं तेव्हा तो शुद्धीवरच नव्हता, हे मला माहीत होतं. पण बहिणीला हे कोणी आणि कसं सांगायचं? खरं तर त्या दिवशी तिचं म्हणणं मला सोयीचंच वाटलं. मी भ्यालो असं म्हणण्यापेक्षा घरात चालत नाही असं म्हणणं बरं दिसतं.

आणखी एक गोष्ट होती. निघताना मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं होतं, हे औषध करतात कशाचं? त्यांनी मला फसवलं नाही. जनावराच्या पोटातल्या एका ग्रंथीतून काढतात, असं सरळ सांगितलं. कुठलं जनावर, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. आमच्या घरात देव्हारा आहे, यमुनेचं सोवळं कडक आहे. तिला याचा ताकास तूर लागू द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं.

*

आठ दिवसांनी अंगठा काळा पडू लागला. त्याचा वास मलाच सहन होईना. दत्तूनं मला न विचारता टांगा आणला आणि दवाखान्यात दाखल केलं. यमुना अडवायला आली नाही, निरोप द्यायलाही आली नाही. स्वयंपाकघरात पाठ करून बसली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण तिची पाठ मी इतका वेळ कधी पाहिली नव्हती.

शेजारच्या खाटेवर नामपूरकडचा एक शेतकरी होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढलेला. पहिल्या दिवशी कंपाउंडर पिचकारी घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी काहीबाही विचारत वेळ काढायला लागलो. आधी जेवू का, उद्या घेतली तर चालेल का, दंडातच का. तो शेतकरी कुशीवर वळून ऐकत होता. मग त्यानं पांघरूण बाजूला केलं, पाय जिथे संपत होता ती जागा मला दाखवली आणि म्हणाला, "मना पाय गया, भाऊ. तुना आजून शे."

मी दंड पुढे केला. सुई टोचली ती मुंगी चावल्याइतकी. इतके दिवस मी जिला भ्यालो ती एवढीशी निघाली, याचा मला आनंद व्हायच्याऐवजी रागच आला.

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी कंपाउंडर काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचा, त्यात आपल्या लघवीचे थेंब टाकायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा. साखर नसली तर निळं राहतं, थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, आणि फार असली तर विटकरी. माझं पहिल्या दिवशी असं लाल झालं की मी उठून बसलो. तो रंग मी ओळखत होतो. भट्टीतून काढलेल्या हंड्यावर तसा थर धरतो. मी कंपाउंडरला म्हणालो, अहो, माझ्यातून तांबं निघतंय. वॉर्डातले सगळे हसले. डॉक्टर मात्र म्हणाले, बरोबर ओळखलंत, निळं पाणी मोरचुदाचं असतं, साखर त्यातलं तांबं बाहेर काढते. त्यानंतर मी रोज सकाळी त्या नळीची वाट बघू लागलो. बाकीचं काही मला कळत नसेल, पण तांब्याचा रंग मला कोणी शिकवायला नको. पाचव्या दिवशी नळी पिवळी झाली, दहाव्या दिवशी हिरवी, आणि त्याच सुमारास अंगठ्याच्या कडेला गुलाबी मांस दिसू लागलं. डॉक्टरांनी शेंडा तेवढा काढला. पाय राहिला.

यमुना रोज दुपारी डबा घेऊन यायची. भाकरी, दोडक्याची भाजी, ताक. डबा ठेवायची, जखमेकडे बघायची, दंडाकडे बघायची नाही. हिरव्या नळीची गोष्ट मी तिला रंगवून सांगितली. ती म्हणाली, "माझा भाऊही दुसऱ्या दिवशी बरा दिसत होता." आणि रिकामा डबा घेऊन निघून गेली.

*

घरी आलो तेव्हा पितृपक्ष संपत आला होता. सुई द्यायला दत्तू शिकला होता. औषधाची बाटली आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचो. निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच. आणि खडीसाखरेचा खडा कायम खिशात ठेवायचा. घाम सुटला, हात कापले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो लगेच तोंडात टाकायचा. मला वाटलं डॉक्टर गंमत करतात. ज्याला साखर वर्ज्य, त्यालाच खिशात साखर ठेवायला सांगतात. पण ठेवत होतो, सदऱ्याच्या खिशात.

मग घट बसायचा दिवस आला. आमच्या घरी कर्त्या पुरुषाला बसता-उठता उपास असतो. पहिल्या दिवशी देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. वडील करत आले, मी करत आलो. तर प्रश्न आला सुईचा. मी फार विचार केला आणि मला वाटलं, मी अगदी बरोबर तोडगा काढला आहे. डॉक्टरांनी सुई चुकवू नका म्हटलंय, ती चुकवायची नाही. देवीचा उपास, तोही मोडायचा नाही. आणि उपासानं साखर कमीच होते, म्हणजे त्या दिवशी गुण दुप्पट. दोन्हीकडचं पुण्य एका सकाळी पदरात. दत्तूनं एकदा विचारलं, "दादा, जेवणाचं काय?" मी त्याला गप्प केलं.

सोवळं नेसलं की दत्तू मला शिवणार नाही, म्हणून सुई आंघोळीच्या आधीच घेतली. आंघोळ केली, सदरा काढून टाकला, रेशमी कद नेसलो आणि देव्हाऱ्यापुढे बसलो. भटजींना सगळी आळी उरकायची होती, ते यायला दहा वाजले. संकल्प सोडताना माझ्या हातातलं पाणी सांडायला लागलं. भटजी म्हणाले, हात स्थिर ठेवा. मी ठेवतच होतो. कपाळावरून घाम गळून पाटावर पडला. मला एकदम सगळ्यांचा राग आला, भटजींचा, घंटेचा, समोरच्या समईचा. खडीसाखर आठवली. हात छातीशी गेला, आणि तिथे नुसती छाती.

सोवळ्याला खिसा नसतो. एवढी साधी गोष्ट माझ्या, दत्तूच्या, कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आणि सणाचं धुणं म्हणून कुसुमनं माझा सदरा सकाळीच बादलीत भिजवला होता. खडा केव्हाच विरघळून गेला होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, बाकीचं दत्तूनं सांगितलेलं. मी पाटावरून कलंडलो. दत्तू धावला आणि दोन हातांवर थबकला, कारण मी सोवळ्यात. भटजी उठून मागे सरले. यमुना स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन येत होती. दत्तू ओरडला, "वहिनी, साखर!" पंचामृतासाठी साखरेची वाटी देवीपुढे मांडलेली होती. देवीला अजून वाहिलेली नव्हती. यमुनेनं ताट खाली ठेवलं, ती वाटी उचलली आणि पूजेच्या पंचपात्रातल्या पाण्यात ओतली. पंचपात्र आणि पळी माझ्या वडिलांच्या हातची. त्याच पळीनं तिनं ते ढवळलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन ती पळीपळीनं ते पाणी माझ्या तोंडात घालू लागली. भटजी म्हणाले, "अहो, देवीचं आहे ते, अजून दाखवलं नाही." तिनं मान वर केली नाही. "देवी थांबेल," एवढंच म्हणाली.

मला आठवतं ते इथून. आधी तोंडात गोड लागलं. मग तिचा चेहरा दिसला, उलटा, माझ्यावर वाकलेला. ती माझं नाव घेत होती. बावीस वर्षांत तिनं ते उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं.

*

डॉक्टर आले, तपासून गेले. जाताना माझ्यावर फार रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. स्वतःलाच दोष देत म्हणाले, मी खिशात ठेवा म्हणालो, पूजेला सदरा काढतात हे मला सुचायला हवं होतं. मी पडून विचार करत होतो तो वेगळाच. आता सुई संपली, असं मला वाटत होतं. भावाबद्दलचं तिचं म्हणणं होतंच, त्यात आज हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं. ती आता बाटली वाळूतून काढून गंगेत सोडणार. आणि पुन्हा तो काळा अंगठा, तो वास, नडगीवर ठेवलेली ती हाताची कड. मला रडू आलं. कोणी पाहिलं नाही असं मला वाटतं, पण लिहितोच आहे तर हेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून पाणी उकळल्याचा आवाज आला. यमुना पिचकारीचं भांडं घेऊन बाहेर आली. मागे ताट वाढलेलं होतं, भाकरी, भाजी, वरण. दत्तू उठायला लागला तर त्याला म्हणाली, "भाऊजी, मला दाखवा कशी भरतात ती. आजपासून मी देणार."

मी म्हणालो, अगं, तुझा भाऊ. ती पाटावर बसली. म्हणाली, "तो सुईनं गेला असं मी इतके दिवस म्हणत आले. काल तुम्ही गेला होतात आणि दोन पळ्या साखरेनं परत आलात. जिथून माणसाला परत आणता येतं, तिथे मला भीती नाही वाटत. त्याला कोणी वेळेवर नेलंच नाही. ते माझ्या मनाला कबूल करवत नव्हतं." तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता.

तेव्हा मला राहवलं नाही. पोटात ठेवलेली ती गोष्ट मी तिला सांगून टाकली, औषध जनावरापासून काढतात ती. वाटलं, पिचकारी खाली ठेवेल. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच मी डॉक्टरांना विचारलं. जखम भरताना मला दिसत होती. तुम्हाला कळलं तर तुम्ही घेणार नाही, म्हणून बोलले नाही." म्हणजे तो महिना आम्ही दोघं एकाच घरात एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. मला हसू फुटलं. ती म्हणाली, हलू नका, आणि सुई टोचली.

*

याला आता चौथं वर्ष चालू आहे. मी रोज भट्टीपाशी बसतो. पायात जाड कातडी जोडे असतात. आमच्या आळीत जोडे घालून भांडं घडवणारा मी एकटाच, आणि त्याबद्दल लोकांना जे बोलायचं ते बोलून झालं आहे. संध्याकाळी दत्तू कंदील जवळ धरून माझे तळवे बघतो, कारण तिथलं मला कळत नाही. पिचकारी उकळायला मी एक झाकणाचं भांडं घडवलं आहे, आत जाळी, वरून ठोक्यांची मठार, नीट कल्हई केलेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि आता कोणी सुईला घाबरला की ते त्याला आमच्याकडे पाठवतात. तो भांडं घ्यायला म्हणून येतो आणि यमुनेशी तासभर बोलून जातो. सुई मरेपर्यंत सुटत नाही हे आळीचं म्हणणं खरं निघालं. पण जेवणही सुटत नाही, आणि ठोकेही. मला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. उपास मात्र मी सोडला, तो आता दत्तू करतो.

त्याच नवरात्रात घट उठायच्या दिवशी मी जेवूनखाऊन पूजेला बसायला निघालो, तर यमुनेनं माझा कद पुढे केला. कमरेपाशी आतल्या बाजूनं तिनं रेशमाचाच एक चौकोनी तुकडा टाचला होता. आत बोटं घातली तर खडीसाखर लागली. भटजींचं लक्ष गेलंच. म्हणाले, "यमुनाबाई, शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नाही. आता हे सोवळं राहिलं नाही."

ती समईत तेल घालत होती. म्हणाली, "नसू दे. माणूस राहिला पाहिजे."

भटजींनी पुन्हा एकदा माझ्या कमरेकडे बघितलं. मग खाली बसले आणि त्यांनी संकल्प सांगायला सुरुवात केली.